लेखी तक्रार होती का?

(बजाजनगर, वाळूज इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)



नाईटवाल्यांना दहाला गेटवर असायचं असतं, हे मला माहीत आहे. त्यामुळे लांबण लावत नाही. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इंजिनीअरिंगची चार वर्षं मी याच बजाजनगरात काढली, मोरे चौकापासून पाच मिनिटांवरच्या एका खोलीत. आयोजकांनी विषय दिला, ‘विद्यार्थ्याचा मृत्यू आणि संस्थेची जबाबदारी’. त्या खोलीपासूनच सुरुवात करतो.

खोलीत आम्ही चौघं होतो. दोघं कॉलेजचे, दोघं कंपनीचे. गाद्या तीनच होत्या, कारण एक जण कायम शिफ्टला असायचा. कंपनीवाल्यांपैकी एक जण प्रेस शॉपला होता. एके दिवशी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं दबली. कंपनीतच प्रथमोपचार झाले, कंपनीच्याच गाडीनं दवाखान्यात नेलं, ईएसआयचं कार्ड चाललं. दुसऱ्या दिवशी सेफ्टीचा माणूस कागद घेऊन आमच्या खोलीवर आला. किती वाजता झालं, कोणत्या मशीनवर, गार्ड होतं का, शेजारी कोण होतं. गेटवरचा ‘अपघाताविना दिवस’ लिहिलेला फलक शून्यावर आला. कंपनी काही फरिश्ता नव्हती. ‘माझ्याच चुकीनं झालं’ असं त्याच्याकडून लिहून घ्यायचा प्रयत्न झालाच. पण लिहून घ्यावं लागत होतं, हे लक्षात घ्या. तोंडी भागत नव्हतं.

हे आपोआप झालेलं नाही. १९४८च्या कारखाना कायद्यात दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी लागायची, आणि पाचशेपेक्षा जास्त कामगार असले तर अँब्युलन्स रूम, तीही डॉक्टर-नर्ससकट. त्यामागे कामगारांच्या कित्येक पिढ्यांचे संप आहेत. ट्रेनी किंवा कंत्राटी म्हणून घेतलेल्यांना त्यातलं किती मिळतं, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. तरी मागायला काहीतरी आहे.

आता त्याच खोलीतला दुसरा मुलगा. माझ्या वर्गातला, परभणीकडचा. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो आज सुखात आहे आणि हे भाषण छापलं जाणार आहे. दुसरं वर्ष, पावसाळा. तीन दिवस ताप होता. सबमिशन होतं म्हणून तसाच कॉलेजला आला आणि लॅबमध्ये खाली बसला. आम्ही त्याला मेडिकल रूममध्ये नेलं. तिथं एक लोखंडी कॉट होती, वजनाचा काटा होता आणि कपाट होतं. कपाटाची किल्ली ज्या क्लार्ककडे असायची तो घरी गेला होता. एका मॅडमनी स्वतःच्या पर्समधली क्रोसिन दिली आणि रिक्षानं खोलीवर न्यायला सांगितलं. त्या मॅडमचा आजही मला राग नाही. त्या दिवशी त्या इमारतीत काहीतरी करणारी ती एकच व्यक्ती होती.

रात्री हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दोघांच्या मध्ये त्याला मोटारसायकलवर बसवून आम्ही निघालो. एएस क्लब, गोलवाडी फाटा, नगर नाका, छावणी, घाटी. पाऊस होता. त्याचं डोकं माझ्या पाठीवर होतं आणि मी दर दोन मिनिटांनी त्याला नावानं हाक मारत होतो. नंतर कळलं, डेंगू होता. अकरा दिवस घाटीत होता. वाचला.

वाचला म्हणून त्याची बातमी झाली नाही, चौकशी झाली नाही, कुठल्या फलकावरचा आकडा शून्यावर आला नाही. कॉलेजला परत आल्यावर हजेरी कमी म्हणून टर्म ग्रँट झाली नाही. आम्ही ऑफिसात गेलो. तिथं दोन वाक्यं ऐकली. पहिलं, “तो आमच्या हॉस्टेलला नव्हता, बाहेर राहतो.” दुसरं, “आम्हाला लेखी कळवलं होतं का?” वर्ष गेलं. दुसऱ्यांदा फी भरायची त्याच्या अब्बूंची ऐपत नव्हती, त्यामुळे डिग्रीही गेली. आमच्या दोघांच्याही फीच्या पावतीवर ‘वैद्यकीय शुल्क’ अशी एक ओळ होती. माझी पावती मी अजून जपून ठेवली आहे. त्या रकमेचं काय होतं, हे विचारायचं मात्र तेव्हा सुचलं नाही.

“लेखी कळवलं होतं का?” हे वाक्य मी नंतर पुन्हा एकदा ऐकलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ते साल २०१९.

डॉ. पायल तडवी. तुमच्यातल्या सगळ्यात लहान मुलामुलींना कदाचित नुसतं नाव माहीत असेल. जळगावची मुलगी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाली. २०१८ मध्ये मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोग विभागात तिला पदव्युत्तर प्रवेश मिळाला. २२ मे २०१९ रोजी तिनं आयुष्य संपवलं. वय २६.

तडवी भिल्ल हा समाज जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला, यावल, रावेर, चोपडा या भागात आहे. धर्मानं मुस्लीम, आणि अनुसूचित जमातींच्या यादीतला. अनुसूचित जातीच्या यादीला धर्माची अट आहे, जमातीच्या यादीला नाही, म्हणून हे दोन्ही एकत्र असू शकतं. हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपांवर वाद रंगला होता, तिला मुस्लीम म्हणून छळलं की आदिवासी म्हणून? जणू काही ते ठरल्यावरच आपल्याला रडायचं होतं. त्या वादात मीही दोन मेसेज टाकले होते. आज लाज वाटते.

तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. जातीवरून टोमणे, रुग्णांसमोर अपमान, काम करू न देणं, असे आरोप. आत्महत्येला प्रवृत्त करणं, अ‍ॅट्रॉसिटी कायदा, रॅगिंगविरोधी कायदा, अशी कलमं लागली. महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीनंही छळ झाल्याचं नोंदवलं. निकाल लागेपर्यंत आरोपी हे आरोपीच, त्यांच्याबद्दल मी इथं जास्त बोलणार नाही. मला बोलायचंय ते इमारतीबद्दल.

ते रुग्णालय होतं. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक. मेडिसिन, मानसोपचार, सगळे विभाग एकाच आवारात. पायलची आई आबेदा तडवी यांच्यावर त्याच नायरमध्ये कर्करोगाचे उपचार चालू होते. म्हणजे आई पेशंट म्हणून तिथं येत होती आणि आपल्या लेकीला कसं वागवतात ते डोळ्यांनी बघत होती. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी विभागात हे कानावर घातलं होतं. मध्ये काही काळ तिचं युनिट बदललं गेलं, तेव्हा तिला बरं वाटलं. नंतर ती पुन्हा त्याच युनिटमध्ये आली.

आणि मृत्यूनंतर प्रशासनाकडून काय सांगितलं गेलं? आमच्याकडे लेखी तक्रार आली नव्हती.

आता थोडं माझ्या कामाबद्दल बोलतो. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला, लोकांचे पैसे अडकले, की दुसऱ्या दिवशी एक बैठक होते. तिला आम्ही पोस्टमॉर्टेमच म्हणतो. त्या बैठकीचा एक नियम असतो. ‘बटण कोणी दाबलं’ हा शेवटचा प्रश्न. आधीचे प्रश्न असे की, ते बटण एका माणसाला दाबता येत होतं ते का? इशारा आला होता का? कोणाच्या फोनवर आला? त्यानं बघितला का? बघून काय केलं? नव्या पोरांना वाटतं, हा मॅनेजर लोकांना वाचवायचा धंदा आहे. कधीकधी असतोही. पण नीट केली तर ती बैठक वरच्यांनाच जास्त महागात पडते, कारण बटण दाबणारा एकच असतो आणि इशारा बघून गप्प बसलेले सात निघतात.

युनिट बदलणं आणि परत तिथंच आणणं, याला आमच्या भाषेत रीस्टार्ट म्हणतात. मशीन अडकलं, बंद करून चालू केलं, चाललं. का अडकलं ते कोणी बघितलं नाही. पण युनिट बदललं याचा दुसरा अर्थ असा की, काहीतरी बिघडलंय हे कोणाला तरी कळलं होतं. इशारा पोचला होता. तो कागदावर नव्हता, एवढंच.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९चा आहे. छोटासा आहे, चहा पिता पिता वाचून होईल. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पुढची कलमं कोणी वाचत नाही. कलम ६ म्हणतं की विद्यार्थ्यानं, त्याच्या आईवडिलांनी, पालकानं किंवा शिक्षकानं लेखी तक्रार दिली, की संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. सकृतदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. आणि कलम ७? प्रमुखानं हे केलं नाही, टाळाटाळ केली, तर त्यानं त्या गुन्ह्याला साहाय्य केलं असं मानलं जाईल, आणि दोषी ठरला तर शिक्षाही रॅगिंग करणाऱ्याइतकीच.

पुन्हा सांगतो. छळ करणारा आणि कागद हातात असून गप्प बसणारा, दोघांना एकच शिक्षा. हा कायदा पायल शाळेत जात होती तेव्हापासून आहे. म्हणून ‘लेखी तक्रार आली नव्हती’ हे वाक्य इतकं मोलाचं असतं. ते वाक्य म्हणजे कलम ७ मधून बाहेर पडायचं दार आहे. सगळ्या कॉलेजांना ते दार माहीत आहे. आपल्या पोरांना माहीत नाही.

आणि हेही खरं की तोंडी सांगणारा माणूस मूर्ख नसतो. लेखी दिलं की परीक्षेत, प्रॅक्टिकलला, गाईडच्या सहीत त्याचा बदला निघतो, ही भीती खरी असते. पायलच्या जागी मी असतो तर मीही लिहून दिलं नसतं, बहुधा. म्हणूनच कायद्यानं आईवडिलांना आणि शिक्षकांनाही तक्रारीचा अधिकार दिला आहे. मुलाला घाबरून राहू दे, तुम्ही लिहा.

या खटल्यात पुढं काय झालं? ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिन्ही आरोपी डॉक्टरांना अभ्यासक्रम पूर्ण करायला परवानगी दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांनी, विशेष न्यायालयानं तेव्हाच्या विभागप्रमुखांनाही आरोपी करायचा आदेश दिला. माहीत असून काही केलं नाही, असा आरोप. तो अर्ज करणाऱ्या विशेष सरकारी वकिलांना त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं बदललं. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. पण प्रश्न पहिल्यांदाच एक मजला वर गेला, आणि एक मजला वर जायला त्याला सहा वर्षं लागली.

आबेदा तडवी तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. २०१९ मध्येच त्या आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला, या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षण संस्थांमध्ये भेदभाव रोखायचे यूजीसीचे २०१२चे नियम कागदावरच आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यातूनच यूजीसीनं १३ जानेवारी २०२६ रोजी नवे नियम काढले. देशभर गदारोळ झाला, आणि २९ जानेवारीला न्यायालयानं त्यांना स्थगिती दिली. तूर्त २०१२चेच नियम. दोन आया, त्यातल्या एकीला कर्करोग, सात वर्षं खेटे घालतात, आणि नियम पंधरवडाभर जगतो. यावर मला काय बोलायचं ते सुचत नाही, पुढं जातो.

माझ्या परभणीच्या मित्राला कोणी छळलं नव्हतं. त्याला डास चावला होता. अशा वेळी रॅगिंगचा कायदा उपयोगाचा नाही. मग संस्थेची जबाबदारी कुठून आणायची?

ग्राहक न्यायालयात जाऊ, असं पटकन सुचतं. फी भरली, सेवा मिळाली नाही. पण तिथं रस्ता जवळजवळ बंद आहे. रुग्णालयं ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं. शिक्षणसंस्था मात्र येत नाहीत, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२० मध्ये सांगितलं, आणि त्यात सहली, पोहणं असले उपक्रमही बाहेर ठेवले. मला हा निकाल पटत नाही. आहे मात्र तसा.

दुसरा रस्ता निष्काळजीपणाचा. १९९५ मध्ये पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि चौदा मुलं बुडाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळेला जबाबदार धरलं, मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम ठेवली. शिक्षकांचा हलगर्जीपणा तो संस्थेचा हलगर्जीपणा, हे तिथं पक्कं झालं. आजारी मुलाला घेऊनही तोच प्रश्न येतो. २००९ मध्ये आयआयटी खरगपूरला तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आजारी होता, कॅम्पसच्या रुग्णालयात जाऊन आला, रिक्षातून पडला आणि गेला. मुलांचं म्हणणं होतं की कॅम्पसच्या रुग्णालयानं त्याच्याकडे नीट लक्षच दिलं नाही. मुलं रस्त्यावर उतरली, तोडफोड झाली. ती तोडफोड मला मान्य नाही. पण देशातल्या सगळ्यात हुशार समजल्या जाणाऱ्या पोरांना, आजारी मित्राला रिक्षातून न्यावं लागतं याचा राग व्यक्त करायला दुसरी जागा का मिळाली नाही, हे कोणी विचारलं का, मला ठाऊक नाही.

आता अलीकडची दोन पानं. ही मी मोबाईलमध्ये ठेवली आहेत, तुम्हीही ठेवा.

पहिलं, २५ जुलै २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचा वसतिगृहात मृत्यू झाला होता, तिच्या वडिलांनी लढलेली केस. त्यात न्यायालयानं पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत, आणि कॉलेज, विद्यापीठ, वसतिगृह, कोचिंग क्लास, सगळ्यांना लागू आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात ठळक लावायला हवेत. टेली-मानसचा नंबर १४४१६, रात्री-बेरात्री चालतो, मराठीत बोलतात, आत्ता फोनमध्ये टाका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संस्थेनं वेळेत पावलं उचलली नाहीत आणि त्या दुर्लक्षाचा मुलाच्या मृत्यूला हातभार लागला, तर तो संस्थेचा दोष धरला जाईल. या निकालात एक आकडा आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातले १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर.

दुसरं, जानेवारी २०२६चा आदेश. आयआयटी दिल्लीतल्या दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूचं प्रकरण होतं. त्यात न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली एक कृती दल नेमलं गेलं होतं. त्याच्या अहवालावरून न्यायालयानं निर्देश दिले. निवासी संस्थांमध्ये चोवीस तास पात्र वैद्यकीय मदत हवी, आवारात नसेल तर एक किलोमीटरच्या आत. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून मुलाला परीक्षेपासून किंवा वसतिगृहापासून अडवायचं नाही. आणि कोणत्याही विद्यार्थ्याचा असा मृत्यू झाला तर संस्थेनं तो पोलिसांना कळवायचा, मग तो कॅम्पसवर होवो, वसतिगृहात होवो, की बाहेरच्या पेइंग गेस्टच्या खोलीत.

“तो बाहेर राहतो.” आमच्या ऑफिसातलं ते पहिलं वाक्य. निदान मृत्यूच्या नोंदीपुरतं तरी ते आता चालणार नाही. रांजणगाव, वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी, या सगळ्या भागात भाड्याच्या खोल्यांत राहणारी कॉलेजची मुलं कॉलेजच्या हिशोबात आली. मेल्यावर आली, हे खरं. जिवंतपणी यायची आहेत.

आता आपल्या घरातलं एक बोलतो. काहींना आवडणार नाही, पण बोलतो.

आपल्याकडे तरुण मुलगा किंवा मुलगी अशी गेली की पहिली धावपळ कशाची असते? पोस्टमॉर्टेम नको. मय्यतीला हात लावू देऊ नका, लवकर दफन करा. मी दोन घरांत हे जवळून बघितलंय. बाप पोलिसांच्या पाया पडत होता, साहेब, आमची काही तक्रार नाही, लिहून देतो. कॉलेजचे लोक शेजारी उभे होते, अतिशय सहानुभूतीनं मान हलवत. का नाही हलवणार? तो कागद त्यांच्यासाठी सोन्याचा होता. दफन लवकर करावं ही सुन्नत आहे, ती मोडा असं मी म्हणत नाही. पण अनैसर्गिक मृत्यूचा पंचनामा कायद्यानं व्हायलाच हवा असतो, आणि तो नीट झाला नाही तर पुढं कशालाच आधार राहत नाही. ताप होता की विषबाधा होती की मार होता, काही सिद्ध करता येत नाही. चार-सहा तासांचा उशीर आणि कायमचं गप्प बसणं, यात निवड करायची असते, आणि ती निवड आपण त्या रडणाऱ्या बापावर सोडतो. त्या वेळी त्याच्याजवळ एक शहाणा माणूस उभा पाहिजे. तो तुमच्यातला असावा.

दुसरी गोष्ट ‘हराम मौत’ची. आत्महत्या असेल तर घरचे कारणच लपवतात. हार्ट अटॅक सांगतात. विसाव्या वर्षी हार्ट अटॅक. मोहल्ल्यात कोणी तरी विचारतं, जनाजा होईल का? बहुसंख्य फकिहांच्या मते अशा माणसाची नमाजे जनाजा होते, हे आपल्या मौलानांकडून विचारून घ्या आणि एखाद्या जुम्म्याला मोठ्यानं सांगायला लावा. देशाचा कायदाही बदलला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं, शिक्षा द्यायची नाही असं ठरवलं. मरणाऱ्याचा हिशोब अल्लाहकडे आहे. संस्थेचा हिशोब मात्र आपल्याकडे आहे, आणि आपण पहिला हिशोब करत बसतो व दुसरा सोडून देतो.

मग करायचं काय? मोठं काही सांगत नाही.

तक्रार असेल तर ती विभागप्रमुखाकडे देऊन थांबू नका, संस्थेच्या प्रमुखाच्या नावानं द्या. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. क्लार्क शिक्का देत नसेल तर वाद घालू नका, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा, सोबत ईमेलही करा. रॅगिंगसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, तिथं नोंदवलेल्या तक्रारीला नंबर मिळतो. आजारी पडलात तर हजेरीच्या रजिस्टरवाल्या सरांना त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल. “ताप आहे, आज आरोग्य कक्षात गेलो, कक्ष बंद होता.” एवढंच. वाजलेले किती ते लिहा. आमच्या मित्राच्या बाबतीत हा एक ईमेल असता तर त्याची टर्म अशी गेली नसती, असं मला अजून वाटतं.

आणि काहीही झालेलं नसताना माहितीचा अधिकार वापरा. सरकारी, अनुदानित कॉलेज आणि विद्यापीठ यांना तो लागू आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. विचारायचं काय? गेल्या तीन वर्षांत वैद्यकीय शुल्क म्हणून किती रुपये गोळा केले, किती खर्च केले, कशावर. आरोग्य कक्ष किती ते किती उघडा असतो, डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, रात्रीची गाडी कोणती, तिचा नंबर काय. जुलै २०२५च्या निकालानंतर समुपदेशक नेमला का, कोणत्या तारखेला. विनाअनुदानित कॉलेज असेल तर हेच प्रश्न विद्यापीठाला विचारा, संलग्नता तेच देतात. कंपनीच्या भाषेत सांगायचं तर हे नियर मिसचे फॉर्म आहेत. जीव गेला नाही, पण जाऊ शकला असता, याची नोंद. तुम्ही कंपनीत रोज भरता ते.

मुलींना एक वेगळं सांगायचंय. तुम्ही तक्रार केली की घरून पहिलं उत्तर येतं, “मग सोड कॉलेज, ये घरी.” त्या भीतीनं कित्येक जणी घरी सांगतच नाहीत, हे आपण आईबापांनी समजून घ्यायला हवं. ते काम या बैठकीत होणार नाही, त्यासाठी घराघरांत जावं लागेल. त्याची यादी ताई मागे बसून करताहेत, तिच्यात नाव द्या.

नमुना अर्ज मागच्या टेबलावर आहेत. तक्रारीचा एक, माहिती अधिकाराचा एक, दोन्ही मराठीत आणि उर्दूत. प्रती चाळीसच आहेत, कमी पडतील. मोरे चौकातलं झेरॉक्सचं दुकान साडेनऊला बंद होतं, तेव्हा ज्यांना हवेत त्यांनी आधी उठा. नाईटवाल्यांना पुढं जाऊ द्या.